लाकडी घरानं मारलेली हाक

ऐका. शेकोटीशी सरकून बसा. आणि शिरप्या, तू आधी दात काढायचं थांबव.

माझा चुलता हैबती. जातिवंत सुतार. पहिल्या मोठ्या लढाईत सरकारनं त्याला फ्रान्सला नेलं, खेचरांच्या गाड्या दुरुस्त करायला. हैबती हे त्याच्या आज्याचं नाव. आता सून सासऱ्याचं नाव तोंडातून काढील का? म्हणून त्याची आई त्याला दादू म्हणायची. जन्मभर दादूच. हे ध्यानात ठेवा.

तर तिथं त्याचा सोबती खंडू तापानं फणफणला. औषध दोन कोसांवरच्या छावणीत. हैबती अंधार पडल्यावर निघाला. अहो, तिथं हिवाळ्यात चार वाजताच अंधार! बाटली घेतली, छातीशी धरली, परत फिरला. वाटेत एक ओसाड गाव, अन् गावाच्या तोंडाशी एक जुनं घर. सगळा लाकडाचा सांगाडा. उभे खांब, तिरपे दांडे, मधे माती-पेंढ्याचा लिंपा. खिळा एक नाही, नुसत्या लाकडी खुंट्या. सुताराचा जीव तो! दिवसा जाता-येता खांबांवरून मायेनं हात फिरवायचा. तेच चुकलं त्याचं.

त्या दिवशी घरात दिवा होता.

माणसं तर कधीच पळून गेलेली. मग दिवा लावला कुणी? हैबती थबकला. सवयीनं खांबाला हात लावला. खांब ऊन! बैलाच्या पाठीसारखा ऊन. बाहेर बर्फ, बरं का.

मग वास आला. बाजरीच्या भाकरीचा. दोन वर्षं पोरानं भाकरी पाहिली नव्हती. पण फ्रान्सात बाजरी? कुठून यायची? मन म्हणालं, पळ. पाय मात्र उंबऱ्याशी.

आतून आवाज आला. आईचा. तसाच, जरा बसका.

"दमलास रे. ये, चार घास खा. ती बाटली ठेव कोनाड्यात."

डोळे भरले त्याचे. एक पाय आत टाकला. बाटली ठेवायला हात पुढं केला, तोच पुन्हा आवाज.

"ये की रे, हैबती!"

हैबती? आईनं सासऱ्याचं नाव घेतलं?

"तू माझी आई नाहीस," तो म्हणाला. हळूच म्हणाला.

झालं! दिवा विझला. खांब करकरले. दार मिटायला लागलं, तोंड मिटावं तसं! त्यानं कमरेची पटाशी, लाकूड कोरायची लोखंडी छिन्नी ती, फटीत घातली, अंग चोरून बाहेर पडला, अन् सुटला पळत. बाटली हातातच.

सकाळी त्याचे चौघं सोबती पटाशी आणायला गेले. घर होतं. दार नव्हतं. दोन खांब एकमेकांना चिकटलेले, आणि मधे पटाशी, मुठीपर्यंत रुतलेली.

खंडू वाचला. हा दात काढणारा शिरप्या त्याचाच नातू.

काय म्हणालास? फ्रान्सच्या वाटेला कोण चाललंय? अरे बाबा, गावात होता तोवर चुलताही असंच म्हणायचा. म्हणून सांगतो, त्या वाटेनं जाऊ नका. जावंच लागलं, तर घरातून कुणी बोलावलं म्हणून लगेच आत शिरू नका.

लढाई संपली, चुलता घरी आला. आई दारात रडत उभी. हा अंगणातच थांबला. भाकरीचा वास येत होता, तरी थांबला.

ती "दादू" म्हणाली, तेव्हाच त्यानं उंबरा ओलांडला.