रोह्याच्या लेंड्या आन बापाचं वावर

माझं माहेर आन सासर एकच, राणीसावरगावच्या वरल्या अंगाला. जितं काळी जिमीन सरती आन मुरमाड चढण लागती तितं आमचं वावर. बापाला मी एकलीच, म्हनून मालकाला घरजावई करून घेतलं. बानं जवानीत धम्म घेतला, मेलेली ढोरं वढायचं काम सोडलं, गावानं मजुरी बंद केली, तवा त्यानं गायरानातली ही गोटाड जागा धरली. दगडं येचून येचून त्याच्या बोटाची नखं गेली होती, मी बघितलंय. तीन एकर वावर झालं. पन सातबाऱ्यावर अजून गायरानच हाय, आमचं नाव न्हाई. एवढं ध्यानात ठिवा, म्हंजे मी पुढं येड्यावानी कामून वागले ते कळंल.

मागं फारेस्टचा एक जन आला होता, झाडं मोजायला म्हनून. लय गोड बोलायचा, मावशी मावशी करून च्या प्यायचा. दुसऱ्या साली चर खंदले, रोपं लावली, आन भागाबाईचं शेजारचं वावर गेलं. तवापासून कुनी काय मोजायला आलं की मी त्याच्यावरची नजर काढत न्हाई.

तर परभणीहून एक पोरगी आली जीप घिऊन, शिकणारी होती, रोही, म्हंजे ती नीलगाय, मोजायला आलेय म्हनली. मोजायची रोही, आन दोरी धरली जिमिनीवर! गायरानातून सरळ दोरी वढली, चुन्याच्या खुना केल्या. चुना बघून माझं डोस्कंच फिरलं. मी इचारलं, बाई, रोही तर एक बी दिसंना, मोजता कशी? तर म्हनली, रोही एकाच जागी येऊन लेंड्या टाकतो, ते ढीग मोजायचे. गंगेच्या, म्हंजे आमच्या गोदावरीच्या, काठाला बघायचं, हितं डोंगराला बघायचं, येलदरीच्या धरणाकडं बघायचं, पाऊस कुटं किती झाला, ऊन किती तापलं ते जोडायचं, आन साऱ्या मुलखात रोही किती असतील त्याचा अंदाज काढायचा. मोजनी उद्या सकाळी करनार म्हनली. मालक म्हनले, पोरगी खरी वाटती. मी म्हनलं, तुमाला तर सारेच खरे वाटतेत.

काय सांगू तुमाला, माझ्या मनानं एकच घेतलं. ढीग सापडले की हे जनावराचं रान ठरलं, आन जनावराचं रान ठरलं की आमचा नांगर भाईर. म्हनून सकाळी जीप यायच्या आत खराटा घेतला, घमेलं घेतलं, आन गायरानातले सारे ढीग भरून आनले. आता फेकायचं कुटं? आवो खत हाय ते, फेकवल का माझ्यानं? वावर नांगरून पडलं होतं, त्याच्यात दिलं सारखं पसरून. आन ती दोरी माझ्या वावरातूनच पुढं गेली होती, ते माझ्या ध्यानातच न्हाई!

पोरगी आली. गायरानात काय बी न्हाई. बांध चढून आमच्या वावरात आली आन थबकलीच. डायवर म्हनला, म्याडम, साऱ्या जिल्ह्याची रोही हितंच उतरलीत काय? मालकानं माझ्याकडं बघितलं, त्यांच्या ध्यानात आलं. मी तर घामानं भिजून गेले.

ती खाली बसली, एक लेंडी फोडली, बांधावरच्या घमेल्याकडं बघितलं आन म्हनली, मावशी, हे खत कुनी टाकलं? म्या म्हनलं, मला काय मालूम. मग तिनं इचारलं, हे वावर कुनाचं हाय?

आता काय सांगावं? कुनाचंच न्हाई म्हनावं तर जनावराचं झालं. आमचं म्हनावं तर कब्जा केलाय हे मपल्याच तोंडानं सांगितलं. सारी जिंदगी कुनी असं इचारलं की आमी गायरान हाय म्हनायचं आन मान खाली घालायची. त्या दिवशी मातर त्वांडातून निघालंच. माझं हाय म्हनलं. माझ्या बापानं दगडं येचून केलंय. खत मीच टाकलंय.

तिनं काय तरी लिवलं. म्या म्हनलं काय लिवलंव? म्हनली, वहितीची जमीन, मोजणीतून वगळली. म्या म्हनलं, मग नाव लिवा. तर म्हनली, मावशी, याच्यात माणसाचं नाव लिवायला जागाच न्हाई, आमी फकस्त जनावरं मोजतो.

मनात काय ठिवून म्हनली न्हाई ती, तिची पान्याची बाटली दिली मला. पन लय राग आला. रोह्याच्या लेंडीला जागा हाय आन माझ्या बापाच्या नावाला न्हाई.

ती अजून येती, दर साली उन्हाळा लागायच्या आधी. लिंबाखाली बसून आमच्यात भाकर खाती. वावर हाय तसं हाय, अजून तरी कुनी काढलं न्हाई. मालक म्हनतेत, आता तरी शक सोड. कसा सोडू? ती लिवायला लागली की मी मागं जाऊन हुभी राहती, वाचता येत न्हाई तरी.

आन आता तुमी. मघापासून मी बोलायलेय आन तुमी मान खाली घालून लिवायलाव. मी गयाबाई, माझा बाप लिंबाजी, वावर तीन एकर. लिवलं का? कुटं लिवलंव, बोट ठिवून दाखवा बरं. तुमचं भलं होवो, लेकरंबाळं सुखी राव्हत, पन आधी दाखवा.