उठायला शिकलेली डिस्क

दवाखान्यात लसीच्या रांगेत माझ्या लेकीच्या हातून डब्यातला चमचा फरशीवर पडला. तिने तो उचलला. खिडकीपाशी नोंदणीच्या ताई सर्व्हरवाल्यावर करवादत होत्या.

“अहो, मुलांच्या लसींच्या नोंदी गेल्या की काय?”

“नाही हो ताई. दोन्ही डिस्कवर सगळं सारखंच आहे.”

“मग पहिली मेल्यावर दुसरीवर सुरू का होत नाही?”

“चूक माझीच. सर्व्हर सुरू करणारा प्रोग्राम, बूटलोडर, मी पहिलीवरच टाकला. दुसरीला सगळं ठाऊक आहे, फक्त उठायचं कसं ते शिकवलंच नाही.”

“मग शिकवा की! बाळं खोळंबलीत.”

थोड्या वेळाने तो म्हणाला, “पेनड्राइव्हवरून सर्व्हर चालू करून दुसरीला शिकवलं. आता बघा.”

“अगंबाई, आल्या सगळ्या नोंदी! पहिलीच्या जागी नवीन डिस्क येईल तिलाही शिकवा हं.”

“आधी तेच करतो.”

लेकीने माझा पदर ओढला.

“आई, तुझ्यासारखी दुसरी आई कुठे ठेवलीय?”