सरकीच्या गोडाऊनातलं साक्षगंध

अश्विनी : मामा, थांबा. साक्षगंध? कोणाचा साखरपुडा?

रामराव : तुह्या त्या दोघाइचं. चित्रवाल्याचं अन् मूर्तीवालीचं. तू बुलडाण्याले रंग आणाले गेली, तवाच उरकलं.

अश्विनी : अनिर्बाण कोलकात्याचा, मेघना बंगलोरची. परवा पहिल्यांदा भेटले ते.

रामराव : मंग? तूच म्हणे ना, दोन शहरं जोडाची जागा.

अश्विनी : कला जोडायची, मामा. एकमेकांचं काम पाहायचं, मिळून काही घडवायचं. त्यासाठी तर तुमचं गोडाऊन मागितलं मी.

रामराव : अन् म्या देल्लं. पण सकाळी गल्लीतला निवृत्ती आला ना गोडाऊनले लावाले कुलूप घेऊन. संग चार जण. म्हणे लग्न नाही, नातं नाही, पोरगा-पोरगी एका टिनाखाली राह्यते, मोताळ्यात हे चालत नाही.

अश्विनी : सांगायचं ना, दोघं वेगवेगळ्या खोल्यांत राहतात.

रामराव : कायची खोली? मधात सरकीच्या पोत्याइची थप्पी हाय. म्या म्हनलं, बाबू, याइचं लग्न जमेल हाय. तो म्हणे, मंग साक्षगंध काऊन नाही केलं? म्हनलं, आजच हाय. जेवाले थांब.

अश्विनी : आणि ते दोघं बसले?

रामराव : पाटावर. मांडी घालून. शेजारच्या शालूबाईनं कुंकू लावलं, पोरीची ओटी भरली. पोराले टोपी-उपरणं. नारळ त निवृत्तीच्याच हातानं. पोरगा लय खुश. म्हणे, वन मोर, फोटो हालला. मंग टोपी काढून पुन्हा घातली.

अश्विनी : त्यांना वाटलं असेल, पाहुण्यांचं स्वागत आहे.

रामराव : वाटू दे. कुलूप त वापस गेलं.

(अश्विनीचा फोन वाजतो. ती वाचते आणि पोत्यावर बसते.)

रामराव : काय झालं व?

अश्विनी : अनिर्बाणच्या बायकोचा मेसेज आहे.

रामराव : कोणाच्या?

अश्विनी : बायकोच्या. त्यानं फोटो पाठवले तिला. फार आवडले म्हणते. रविवारी उद्घाटनाला येतेय. तिलापण असंच पाटावर बसवा म्हणते.

रामराव : रविवारी निवृत्ती जोडीले आहेर घेऊन येऊन राह्यला. घरचे समदे.

अश्विनी : म्हणजे रविवारी कुलूप लागलंच. मामा, वर्षभर फिरले मी या जागेसाठी. निवृत्तीकाकांना आत्ताच खरं सांगा.

रामराव : नारळ त्यानं देल्ला, पोरी. खरं सांगतलं त गोडाऊन सोड, मले कुलूप लावीन तो. असं करू, बायको नाही, बहीण हाय म्हणू.

अश्विनी : तिच्यासोबत पोरगी येतेय तीन वर्षांची. त्याला पाहिलं की बाबा, बाबा करत धावते.

रामराव : पोरीले बंगालीत बोल म्हणा. कोणाले समजते?

अश्विनी : बंगालीतही बाबाच म्हणतात.

रामराव : अन् आईच्या भावाले काय म्हणते?

अश्विनी : मामा.

रामराव : मंग लाव फोन. रविवारलोक शिकीन ते पोरगी.