एकतीस वर्षांतली एकच बाटली

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या रुग्णालयाचे अधीक्षक महोदय. व्यासपीठावरील विभागप्रमुख डॉक्टर. ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो आहोत त्या आपल्या बाई, त्यांचे कुटुंबीय आणि समोर बसलेले माझे सर्व सहकारी,

मी जीवाणू विभागातली सर्वांत धाकटी तंत्रज्ञ. हातातला कागद थरथरतो आहे तो पंख्यामुळे, असे कृपया समजावे. शाळेत माझा पहिला क्रमांक चुकत नसे आणि वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी ताप चुकत नसे. आज मात्र तो आलेला नाही. आला असता तर बरे झाले असते.

बाईंना अख्खे रुग्णालय पाठीमागे ‘पोटपोलीस’ म्हणते. बाई, क्षमा असावी. तुम्हाला हे ठाऊक आहे, हे आम्हालाही ठाऊक आहे. आपल्या आतड्यांत जीवाणूंचे एक गावच नांदत असते. ते अन्न पचवते, रोगाला वेशीवर अडवते. औषधांच्या माऱ्याने ते गाव उजाड झाले की एखादा दांडगा जीवाणू मोकळे रान बळकावतो आणि जुलाबांनी माणूस झिजत जातो. अशा वेळी निरोगी दात्याची विष्ठा घेऊन, तपासून, गाळून रुग्णाच्या आतड्यांत पोचवायची, हे बाईंचे काम. नाक मुरडणाऱ्यांना त्या म्हणत, “तुम्हीही तेच घेऊन फिरता आहात हो, फक्त झाकून!”

हे काम बाईंनी घरातच पाहिले होते. त्यांचे वडील गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. रवंथ थांबलेल्या गाईला ते धडधाकट गाईच्या तोंडातला घास काढून भरवीत, पण त्याआधी त्या गाईच्या मालकाला सगळ्यांदेखत विचारीत, “हिला सुई कधी टोचली होती?” बाईंनी तोच शिरस्ता चालवला. दात्याला त्या कधी कागद भरायला देत नाहीत. समोर उभे करून मोठ्याने विचारतात. त्या म्हणतात, “कागद सरळ खोटं बोलतो. तोंड निदान अडखळतं तरी.”

आमच्याकडे शंभरांतून चार-पाचच दाते निवडले जातात. त्यांत मी होते. अभ्यास न करता उत्तीर्ण झालेली माझी ही एकमेव परीक्षा.

दोन वर्षांपूर्वीच्या एका गुरुवारी खोली क्रमांक चारमध्ये एक शिवणकाम करणाऱ्या आजी होत्या. इतक्या वाळल्या होत्या की रुग्णालयाचा गाऊन अंगावर ठरेना. त्यांनी सुईदोरा मागवून, पडल्यापडल्या स्वतःच त्याच्या दोन्ही बाजू आत घेतल्या होत्या. त्यांना दुपारी चारला मात्रा द्यायची होती. दात्याची पाळी माझी.

“ताप?”
“नाही.”
“जुलाब?”
“नाही.”
“गेल्या तीन महिन्यांत अँटिबायोटिक?”

दाढेसाठी आदल्याच आठवड्यात मी पाच दिवस गोळ्या घेतल्या होत्या. माझ्या मागे लिफ्टवाले काका दाता होण्याच्या पहिल्या तपासणीसाठी उभे होते. ते म्हणाले, “अगं ताई, तोंडी परीक्षा आहे का ही? सांगून टाक, मी लिफ्ट सोडून आलोय!” सगळे हसले. मी म्हणाले, “नाही.”

का म्हणाले? दुसरा दाता तयार नव्हता म्हणून? ते खरे आहे, पण पूर्ण खरे नाही. नापास होण्याची मला सवय नव्हती.

त्यानंतर अकरापासून साडेतीनपर्यंत, बाई आत नमुना गाळत असताना, मी त्या खोलीसमोरच्या टेबलाशी बसून होते. माझ्या पोटातले गाव अर्धे जळालेले होते, आणि जे उरले होते त्यांत औषधाला न जुमानणारे कोण कोण असतील, हे मी पाठ्यपुस्तकातल्या तक्त्यासकट जाणत होते. तेच त्या म्हातारीच्या पोटात जाणार होते. मी तीनदा उठले, तीनदा दारापर्यंत गेले. तीनदा परत येऊन बसले. मनुष्य भीतीपोटी दुसऱ्याला मरू देऊ शकतो का? त्या दिवशी मला उत्तर मिळाले. देऊ शकतो.

साडेतीनला बाई बाहेर आल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या, “बाटली हातातून पडली. फुटली.” डॉक्टर ओरडले. बाईंनी नोंदवहीत लिहिले, ‘नमुना माझ्या हातून वाया गेला. चूक माझी.’ मी काचा गोळा करायला झाडू घेऊन आत गेले.

फरशी कोरडी होती. बाटली जाळायच्या कचऱ्याच्या पिशवीत, झाकणासकट, शाबूत होती.

बाईंनी माझ्याकडे पाहिले आणि एवढेच विचारले, “दाढ कशी आहे?”

पुढचे चार दिवस आजी सलाइनवर होत्या. मी जिना चढताना चौथ्या खोलीचे दार उघडे आहे का, पलंग रिकामा आहे का, ते आधी पाही. सोमवारी लिफ्टवाल्या काकांचे अहवाल आले आणि त्यांची मात्रा दिली गेली. पुढच्या पंधरवड्यात आजींनी गाऊनची शिवण उसवली.

मघाशी अध्यक्ष महोदय कौतुकाने म्हणाले, “एकतीस वर्षांत बाईंच्या हातून एकच बाटली फुटली.” सभागृहात टाळ्या पडल्या. महोदय, ती बाटली फुटली नव्हती. त्या वर्षी बाईंना मिळायची मुख्य तंत्रज्ञाची जागा नोंदवहीतल्या त्या एका ओळीमुळे दुसऱ्याला गेली, हे येथे सर्वांना ठाऊक आहे. ती ओळ माझी होती. माझ्या कागदावर हे काहीच लिहिलेले नाही; कागदावर फक्त गौरव आहे.

बाई मला खुणेने खाली बसायला सांगत आहेत. बाई, आजवर तुमचा शब्द मोडला नाही. आज तेवढा मोडू द्या.

सोमवारपासून दात्यांना प्रश्न विचारण्याचे काम माझ्याकडे येत आहे. त्या खुर्चीत मी बसावे की नाही, हे आता अध्यक्षांनी ठरवायचे आहे. माझी विनंती एवढीच की नोंदवहीतली ती ओळ दुरुस्त व्हावी, आणि ती माझ्या अक्षरात. मला फार भीती वाटते आहे. त्या गुरुवारीही वाटत होती.

संयोजकांनी बोलण्याची संधी दिली आणि आपण शांतपणे ऐकून घेतले, त्याबद्दल मी सर्वांची ऋणी आहे. बोलण्यात काही उणे राहिले असेल, तर पोटात घालू नका. मला इथेच, सगळ्यांदेखत, मोठ्याने विचारा. मी उत्तर देईन.