पुढच्या जागेवरची मुलगी

वडील : …हा दोर असा गुंडाळतात? शीड बांधतेयस की बुटाची नाडी?

मुलगी : एकोणीस वर्षांनी होडीला हात लावतेय, बाबा. सुटत नाही ना, मग झालं.

वडील : आणि अंगात हे काय? गटार साफ करायला निघालीस का?

मुलगी : रबरी सूट आहे. आत पाणी जात नाही. क्लबच्या फळ्यावर वाचलंत ना, पाणी सात अंश आहे.

वडील : आमच्या वेळी पाणी गार असायचं, एवढंच माहीत होतं. अंशबिंश मोजत नव्हतो.

मुलगी : तीन तास गाडी चालवून आलेय ती आईच्या फोनमुळे. म्हणाली, तीन हिवाळ्यांत पाच जोडीदार पळाले, आता यांच्या होडीत कुणी बसत नाही.

वडील : पळाले नाहीत, मी घालवले. तो बँकवाला वळताना डोळे मिटायचा. त्या दातांच्या डॉक्टरला डावं-उजवं कळत नव्हतं. विचार कर, लोक त्याच्यापुढे तोंड उघडतात.

मुलगी : आणि मला का घालवलंत?

वडील : तुला कुणी घालवलं? तू गेलीस.

मुलगी : सोळा वर्षांची होते मी. अर्ध्या शर्यतीतून होडी धक्क्याला लावलीत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, ‘उतर. तुझ्यापेक्षा वाळूची गोणी बरी, ती निदान रडत नाही.’

वडील : असं म्हणालो? आठवत नाही.

मुलगी : सोयीचं आहे. ऐका, आजचा करार साधा. अपमानाचा एक शब्द, की मी शिडाचा दोर सोडणार. होडी थांबेल. मग बसा हवा खात.

वडील : करार म्हणे. पेशंटला भूल देतानाही करार करतेस का?

मुलगी : सही घेते. चला, शर्यतीचा भोंगा वाजेल आता.

(होडी पाण्यात. शर्यत सुरू होऊन दहा मिनिटं झाली आहेत.)

वडील : ओढ. अजून ओढ. तो लाल शिडाचा बघ. नवी कोरी होडी, आणि चालवतोय कशी, म्हैस डुंबतेय जशी.

मुलगी : तो आपल्या पुढे आहे.

वडील : असणारच. माझ्या होडीत धोंडा बसलाय.

मुलगी : सोडला.

वडील : काय सोडला? अगं, दोर धर. शीड फडफडतंय. सगळे चालले पुढे.

मुलगी : जाऊ द्यात.

वडील : पस्तिशीची बाई आणि हा पोरकटपणा…

मुलगी : अजून बोला. मला घाई नाही.

वडील : बरं. चुकलं.

मुलगी : ऐकू नाही आलं. वारा आहे.

वडील : चुकलं म्हटलं. धर आता. त्या तरंगत्या केशरी बोयाला वळसा घालायचाय. डोकं खाली घे, वळतोय.

मुलगी : वळा ना.

वडील : वळतोय.

मुलगी : बाबा, बोया मागे राहिला. आणि सुकाणूचा दांडा कोपराने का ढकलताय?

वडील : माझी पद्धत आहे.

मुलगी : हात दाखवा.

वडील : शर्यत चालू आहे.

मुलगी : शर्यत गेली पुढे. हातमोजा काढा. मूठ करा. पूर्ण करा.

वडील : एवढीच होते. थंडीत.

मुलगी : कधीपासून?

वडील : हा तिसरा हिवाळा.

मुलगी : म्हणजे ते पाचही जण…

वडील : त्यांच्या लक्षात आलं असतं. क्लबात बोलले असते. मग मला धक्क्यावर खुर्ची टाकून दिली असती, गुडघ्यावर शाल, हातात चहा. येणारेजाणारे विचारणार, काय काका, बरं आहे ना?

मुलगी : म्हणून आधीच तोंड सोडून घालवलंत.

वडील : दातवाला खरोखरच मूर्ख होता.

मुलगी : आणि घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलंत ते? आईला सांगितलंत, कंटाळा आला.

वडील : स्क्रू दिसतो गं. धरता येत नाही.

मुलगी : मला का नाही सांगितलंत? घरात एक डॉक्टर आहे.

वडील : कुठल्या तोंडाने सांगणार होतो? त्या दिवशी तू रडत नव्हतीस. डाव्या हातमोज्याला भोक होतं तुझ्या, बोटं निळी पडली होती. मी बघितलं होतं. तरी म्हणालो.

मुलगी : मघाशी आठवत नव्हतं.

वडील : आठवत होतं.

मुलगी : उठा. जपून. सुकाणूवर मी बसते, तुम्ही पुढे या. दोर मुठीत धरू नका, त्या खाचेत अडकवा आणि तळव्याने दाबून ठेवा. जमतंय?

वडील : न जमायला काय झालं?

मुलगी : उद्या माझ्याबरोबर हॉस्पिटलात यायचं. हातांची डॉक्टर ओळखीची आहे. तिच्याशी नीट बोलायचं.

वडील : ती शहाणी निघाली तर बोलेन.

मुलगी : बाबा.

वडील : बरं, बोलेन. मागे कुणी आहे का?

मुलगी : कुणी नाही. आपणच शेवटचे.

वडील : नीट बघितलंस?

मुलगी : बघितलं.

वडील : मग सावकाश वळव, बोयाचा वळसा राहिलाय.