अप्पा मास्तरांनी शिकवलेला क्रम

येथे जमलेल्या वडीलधाऱ्यांनो, मातांनो आणि माझ्या वर्गभगिनींनो,

चार माणसांत बोलण्याची मला सवय नाही. आजवर माझ्या वतीने माझी उत्तरपत्रिकाच बोलत आली. परंतु अप्पा मास्तरांविषयी मी लिहावे आणि ते दुसऱ्या कुणी वाचावे, हे मला पटले नाही.

कमरीपेठेतल्या आपल्या घराच्या पडवीत मास्तर आम्हां सात मुलींना इंग्रजी शिकवीत. माझे वडील, अण्णा, समोरच बसले आहेत. मला वर्गात घालताना त्यांनी विचारले होते, "मास्तर, पोरगी दुर्गदबैलाच्या बाजारात आमच्या दुकानात बसून इंग्रजीत कापड मोजणार काय?" मास्तर म्हणाले, "अण्णा, मोजायला तुम्ही आहात की. मी तिला क्रम शिकवतो."

आणि क्रमच शिकवला. "थ्रीवरून थर्ड झाले, फोरवरून फोर्थ झाले. मग वनवरून फर्स्ट कसे झाले? झालेच नाही. फर्स्ट म्हणजे सर्वांत पुढचा. मराठीतला पहिला तरी एकवरून कुठे आला? कन्नडातले मोदलनेय तरी ओंदूवरून, म्हणजे एकवरून, आले काय?" तीन भाषा, आणि तिन्हींत पहिला मोजणीबाहेरचा. त्या दिवसापासून मला इंग्रजीचे भय उरले नाही.

परीक्षेत मी पहिली येत असे. वर्गात प्रश्न आला की मान खाली. एकदा मास्तर म्हणाले, "बाई, तू पुढे आहेस खरी. पण मागे कुणी यायला नको काय?" मग सेकंडचा अर्थ सांगितला. तोही टूवरून आलेला नाही. मूळ लॅटिन, फ्रेंचांच्या तोंडून इंग्रजीत आलेला. अर्थ एवढाच, मागोमाग येणारा.

मास्तर जाऊन बारा दिवस झाले. पडवीला कुलूप आहे. तीन घरांतून मी ऐकले, "मास्तर गेले, मुलींचे इंग्रजी संपले." संपले काय? मास्तरांच्या मागोमाग येणारे कुणीच नाही काय?

आहे. सोमवारपासून तो वर्ग मी घेईन. मास्तरांच्या पत्नींनी पडवीची किल्ली माझ्या हाती दिली आहे. अण्णांना हे आत्ताच कळते आहे. त्यांनी जरूर रागवावे, पण घरी गेल्यावर.

आता मास्तरांसाठी आपण दोन मिनिटे स्तब्ध उभे राहू या. त्यानंतर ज्यांना आपली मुलगी पाठवायची असेल, त्यांनी लगेच निघू नये. नावे मी इथेच उभी राहून लिहून घेईन.