एत्तोरेची टोपी

लेच्चे शहरात कोण वारलं त्याची पत्रकं बसथांब्यामागच्या भिंतीवर चिकटवतात. आजचं पत्रक वाचून लोरेदाना बसची वाट पाहत बसली होती. तेवढ्यात बॅगा ओढत एक म्हातारं जोडपं आलं. नवरा आधी भिंतीपाशी गेला आणि मग तिला पाठ लावूनच उभा राहिला.

"आलो बाई एकदाचे! आता सरळ इम्माकडे. वांग्याचे थर लावून बसली असेल."

"मी म्हणतो, यंदा हॉटेलात उतरू."

"हॉटेलात? बरा आहेस ना, एत्तोरे? लग्न झाल्यापासून तिच्याच खोलीत उतरतोय आपण."

"तिचा पलंग करकरतो."

"तो पहिल्या वर्षीही करकरत होता. तेव्हा कुठे तक्रार होती तुझी?"

"तुझ्या कंबरेसाठी म्हटलं."

"माझ्या कंबरेचं निमित्त नको. तिला फोन केला होतास ना?"

"केला. उचलला नाही."

"बहिरी झालीय मेली. दार बडवू. आणि त्या भिंतीला काय चिकटलायस? कागदाची खळ ओली आहे, कोटाला लागेल."

"लागू दे."

"टोपी का काढलीस?"

"उकडत होतं."

"डिसेंबरात?"

बस आली आणि गेली. तिघांपैकी कुणीच चढलं नाही.

"बाजूला हो, एत्तोरे."

"मारिसा, आधी कॉफी घेऊ या का?"

"बाजूला हो. अंत्यविधी किती वाजता आहे, ते वाचू दे मला."